नवसाचं कडं

जीवराम : थांब, थांब! इतला जोर नको लाऊ, भटू. खांदा उखडी जाई.

भटू : मग तूच लाव. अर्धा तास झाला, कपारीत हात घालून उभा आहेस. मला वाटलं वाम मासळी हाताला लागली, म्हणून दात काढतोयस.

जीवराम : लागनी व्हती. मनगटाएवढी जाड. ती सुटी गयी नि मी अडकनू.

भटू : नीट सांग. काय अडकलंय? दगड हलवता येईल का?

जीवराम : दगड नही, कडं. हात आत गया तवय सरळ गयं. वाम धराले हात फिरावा, तं आडवं व्हयनं. आते मांगे येत नही नि पुढे जात नही.

भटू : नवसाचं कडं? अरे, जन्मभर उजव्या हाताने वाम काढत आलास तू. आजच डावा कुठून सुचला?

जीवराम : उजव्यामा परवा गळ घुसना. सुजी गया. आनि देवीनं कडं ज्या हातमा शे, त्या हातले वाम चावत नही. बठ्ठा भोईसनं बोलनं शे.

भटू : वाम नाही चावली. खडक चावला.

जीवराम : हसू नको रे. होडीना दोर दख. तो सुटना तं दोन्ही जासूत.

भटू : होडी पक्की बांधलीय. मी तुझ्या शेजारीच उभा आहे. उतरलो तेव्हा इथे कमरेइतकं पाणी होतं. आता?

जीवराम : छातीवर उनं.

भटू : आणि रंग बघ. सकाळी तळातले गोटे मोजता येत होते. आता नुसता चहा वाहतोय. वर सातपुड्यात कुठेतरी कोसळलाय. पूर येतोय, जीवराम.

जीवराम : माले दिसस. मी तापीना काठे जन्मनू. तू चोपड्याले पोस्टात बसस, रविवारले नदीवर येस, नि माले पूर दाखाडस?

भटू : बरं, तुला जास्त कळतं. मग शांतपणे ऐक. शेवाळ चोळून पाहिलं, झालं नाही. ओढून पाहिलं, झालं नाही. कडं तांब्याचं आहे. सोनाराने ठोकून तोंड बंद केलंय ना? त्या सांध्यात कोयत्याचं टोक घालतो आणि पिळतो. तांबं आहे, उघडेल.

जीवराम : नही.

भटू : नाही म्हणजे काय?

जीवराम : ते काढानं नही. पोऱ्याले पाच वरीस पुरं व्हईपर्यंत नही. आठ दिन राह्यनात, भटू! पुनीमले देवीना पायथे सोनारच काढी. मी तसं बोलेल शे.

भटू : आणि आठ दिवस तू या खडकावर उभा राहणार?

जीवराम : त्याना आगे दोन पोरी गयात. दोन्हीस्ले मी ह्याच हातवरी मातीमा ठेवं. हाऊ तिसरा व्हयना, तवय त्याले उकिरड्यावर लोळावं. उखर्डू नाव ठेवं, यमनं तोंड फिरावाले पाहिजे म्हनीसन. त्यानी माय बेबाबाईनी अजून त्याले नवं आंगडं घालं नही, दुसरास्नं जुनं मांगी आनस. आनि आते आठ दिनसाठे मी कडं काढू?

भटू : तू बुडालास तर उखर्डूला कोण सांभाळेल?

जीवराम : तो जगी तं कोनी बी सांभाळी.

भटू : पाणी खांद्यावर आलं. कोयता माझ्या हातात आहे. मी तुला विचारत नाहीये, सांगतोय.

जीवराम : तू कडाले हात लावं, तं जन्मभर तुन्हं तोंड पाह्यनार नही! तुले काय शे? तू तुन्हं पोरगं घालाई बसना!

भटू : काय म्हणालास?

जीवराम : बठ्ठा गाव म्हनस. केळीना घड उतारताना हातले घासे, म्हनून भटूनी नवसनं कडं काढं. रातले परत घालं. म्हनून त्याना पोऱ्या भिकन गया.

भटू : गाव म्हणतं. आणि तू?

जीवराम : मी बी म्हनस. दोस्त शे म्हनीसन तोंडवर कधी बोलनू नही.

भटू : मी काढलं नव्हतं.

जीवराम : आते तरी खरं बोल. पानी हनुवटीले उनं.

भटू : एक दिवस नाही. एक घटका नाही. कड्याखाली जखम झाली, पू झाला. डॉक्टर म्हणाला, कापून काढू. मी म्हणालो, हात काप, कडं राहू दे. भिकनची आई यशोदा नवसापायी चार वर्षं चपलेशिवाय चालली. स्वराज्य आलं त्याच श्रावणात भिकनला सकाळी हगवण लागली आणि दिवेलागणीला तो गेला. कडं हातात होतं, जीवराम. त्याच हाताने मी त्याचं डोकं धरलं होतं. ते तांबं त्याच्या गालाला लागत होतं.

जीवराम : खोटं!

भटू : तोंड वर कर. मोठा श्वास घे. मी खाली जातोय.

जीवराम : नको, भटू! मी नही म्हनस ना! देवी दखी ऱ्हायनी... नही...

(बराच वेळ नुसतं पाणी. मग होडीच्या फळ्यांवर दोघांची धाप.)

भटू : बोटं हलव. हलतात ना? मनगट चिरलंय, पण हाड शाबूत आहे. धर, पंचा घट्ट धर.

जीवराम : कडं?

भटू : राहिलं कपारीत.

जीवराम : मी नही म्हनेल व्हतं.

भटू : हो. ऐकलं मी. काढलं ते मी. देवीला तसंच सांगेन, बेबाबाईलाही सांगेन. काय लागायचं ते मला लागू दे.

जीवराम : भटू.

भटू : बोल.

जीवराम : तू खरंच काढं नव्हतं?

भटू : तुला बाहेर काढायला काहीतरी बोललो. तसं समज.

जीवराम : समजू? का तसंच शे?

भटू : समज म्हटलं ना. वल्हं सरकव इकडे. धार वाढतेय.

जीवराम : तुले भिकननी आन शे. सांग.

भटू : ...नव्हतं काढलं.

जीवराम : एक बी दिन?

भटू : एकही नाही.

जीवराम : कडं तं मी दुसरं घडाई लिसू, भटू. आजच घडाई लिसू. पन तू जे सांगं, ते मी आते कठे ठेवू?