नवाबच्या मानंवरची जट

माझं माहेर उमरीकडचं. उमरीपासून पायी तासाभराचं गाव, नाव सांगून तुम्हाला काही कळायचं न्हाई. आमी बौद्ध. आज्याच्या काळातच सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, सगळं बराबर झालं, पर आत्याच्या डोक्यातली जट तेवढी ऱ्हायली. देव नदीत सोडता येतात, ताई, डोक्यावरचं कसं सोडणार. माझे वडील शाळेत शिपाई, सभेत उभे ऱ्हाऊन बोलायचे, अंधश्रद्धा सोडा, लोक टाळ्या वाजवायचे. आन घरी आल्यावर बहिणीच्या जटंला हात लावायची त्यांची छाती होत न्हवती. न जाणो, म्हणायचे. बस, तेवढंच, न जाणो.

मनगटाएवढी जाड जट होती, कंबरेपर्यंत. तिच्या वजनानं आत्याची मान एकीकडं कललेली. उवा लई, रातभर झोप न्हाई. मी पंधरा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हणलं, आत्या, कापत न्हाई, नुसतं तेल लावते. मंग तेल लावता लावता शेंड्याकडनं एक एक केस सोडवत गेले. अकरा दिवस लागले. तवा जे कळलं ते आजवर पुरून राहिलं. गुंता मुळाकडनं ओढायचा न्हाई, शेंड्याकडनं सुरू करायचा. मुळाशी केस चिमटीत दाबून धरायचे, म्हणजे ओढ कातडीला लागत न्हाई. आन पाणी बिलकुल लावायचं न्हाई, पाण्यानं गुंता आणखी आवळतो. अकराव्या दिवशी आत्या म्हणली, डोकं हलकं झालं गं, पर कुणीतरी उठून गेल्यावानी वाटतंय. मला तवा काही समजलं न्हाई.

लग्न होऊन नांदेडला आले. मालक ऑटो चालवतात. मी जनावरांच्या एका डॉक्टरकडं झाडलोटीला लागले. तिथं एकदा गुंत्यानं भरलेलं कुत्रं आलं, कुणाला हात लावू देईना, मी बसले मांडीवर घेऊन आन सोडवलं. डॉक्टर म्हणले, बाई, झाडू ठेवा. तवापासून हेच करून राहिले, घरोघरी जाऊन. आधी कुत्री दारात असायची, आता हैदराबादवरनं पिंजलेल्या कापसावानी बारकी कुत्री येतात, केस जमिनीपर्यंत, आन नावं काय, प्रिन्स, टायगर, सुलतान. टायगर मांजराला पाहून पलंगाखाली जातो.

तर मागच्या सालची गोष्ट. नव्या बंगल्याची वास्तुशांत परवावर आलेली, आन मला फोन आला, या म्हणून. गेले. दारात संगमरवरी हत्ती दोन, आत झुंबर, भिंतीवर घरच्या साहेबांचे सत्काराचे फोटो एवढे की भिंतीला रंग कशाला दिला असं वाटावं. कुत्र्याचं नाव नवाब. त्याला जेवायला चांदीची वाटी, वास्तुशांतीला घालायला बारका जरीचा फेटा हैदराबादहून शिवून आणलेला. साहेबांची बायको, घरची सूनबाई, म्हणली, मावशी, फोटोत हा माझ्या मांडीवर असणार, केस लांबच ठेवा, एक केस कापायचा न्हाई. मला चहा आला तो कानतुटक्या कपात. असू द्या. चहा गोड होता.

नवाब कोपऱ्यात बसलेला, मान एकीकडं. काय सांगू तुम्हाला, आत्याच बसलीय असं वाटलं. जवळ गेले तर वास, हळदीचा आन हळदीखाली दुसरा. मानंवर मुठीएवढा गुंता, नारळाच्या शेंडीवानी कडक, वरून हळद-कुंकू. मी म्हणलं, हे काय? सूनबाईनं आत बघून हाक मारली. मंग साहेबांची आई आली, आक्का म्हणतात तिला सगळे. म्हणली, त्याला हात लावायचा न्हाई. ती जट हाय. मी माहूरहून आल्यावर त्याला जट आली, देवीची हाय. बाकीचं काय विंचरायचं ते विंचर.

मी म्हणलं, आक्का, भुंकतो का बराबर? सूनबाई म्हणली, आवाज बसलाय महिन्यापासून. खातो का? अर्ध टाकतो. आंघोळ? दर रविवारी, शाम्पूनं. म्हणजे दर रविवारी गुंता आणखी आवळत गेला. आक्का म्हणली, तुमच्या लोकांचा देवावर विश्वास न्हाई, म्हणून तुला ते घाण दिसतंय.

ताई, असं वाक्य ऐकलं की माणूस एकतर भांडतो न्हाईतर उठून जातो. मी उठलेच होते. मंग नवाबनं श्वास घेतला, आन त्या श्वासात शिट्टी वाजली. मी परत बसले. म्हणलं, आक्का, माझ्या सख्ख्या आत्याला जट होती, मला नका सांगू. मी कापणार न्हाई, कात्री पिशवीतच ठेवते. नुसत्या बोटांनी सोडवते. देवीची असंल तर उकलणार न्हाई. उकलली तर गुंता होता. आक्का बोलायला कडक, पर हिशेबी. म्हणली, माझ्यासमोर करायचं.

नवाबला टॉवेलमधी गुंडाळलं, नुसती मान बाहेर. मक्याचं पीठ भुरभुरलं, त्यानं केस सुटे होतात. शेंड्याकडनं सुरू केलं. पहिला तास आक्का खुर्चीवर बसून जप करत होती. दोनदा नवाब चावला, हे बघा, अंगठ्यावर खूण हाय. गुंता बाहेरून सुटत गेला तसा वास वाढत गेला, सूनबाई नाकाला पदर लावून भिंतीला टेकली. बाहेर मांडववाले ठोकून राहिले, साहेब फोनवर कोणत्या तरी नेत्याच्या येण्याची वेळ विचारून राहिले.

आन बोटाला दोरा लागला.

काळा दोरा. केसांत न्हाई, मांसात. गळ्याभोवती पुरा फिरलेला, नुसती गाठ वर. एकावर एक पाच गाठी. मी आक्काला म्हणलं, हे बघा. ती वाकली, चष्मा लावला, आन तिचा जप थांबला. म्हणली, ही गाठ माझी हाय. दोन महिन्यांचं पिल्लू होता, माहूरला गेले होते, घरातल्या सगळ्यांना दोरे आणले, याला बी बांधला, नजर लागू नये म्हणून.

पिल्लू वाढलं, ताई. दोरा वाढला न्हाई. त्यावर केस आले, केसांचा गुंता झाला, गुंत्याला जट म्हणले, जटंला हळद-कुंकू लावलं. त्याला जीव लावण्यात कुणी कमी केलं न्हाई. फक्त मानंखाली बोट कुणी घातलं न्हाई.

तेवढ्यात नवाबनं झटका दिला आन त्याची जीभ निळी पडायला लागली. मी डॉक्टरला फोन लावला, सूनबाईनं माझ्या कानाशी धरला. डॉक्टर म्हणले, मी ऑपरेशनला उभा हाय, जीभ निळी असंल तर इथवर पोचणार न्हाई, तिथंच कापा, आन मांसातला दोरा ओढू नका, कापून तसाच घेऊन या. मी पिशवीतनं टाके काढायची कात्री काढली, बारीक, एका पात्याला आकडा असतो तिच्या. आक्कानं माझं मनगट धरलं. म्हणली, देवीचा दोरा लोखंडानं कापत न्हाईत. मी बांधलाय, मी सोडते. आन तिची ती म्हातारी बोटं त्या गाठीशी लागली. सुटती का ती गाठ. रक्त-पू पिऊन दगड झालेली.

नवाबचे डोळे वर गेले. सूनबाई ओरडली, आक्का, सोडा! आक्कानं हात काढला. मला वाटलं आता ही उठून जाणार. ती खाली फरशीवर बसली, नव्या कोऱ्या साडीत, नवाबचं डोकं दोन्ही हातांत धरलं, त्याच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. म्हणली, काप. पाप लागलं तर मला लागू दे.

दोऱ्याखाली आकडा घालायला कुठंच जागा न्हवती, फक्त गाठीखाली केसभर. गाठीनं मारलं आन गाठीनंच जागा दिली. आकडा सरकवला, दाबलं. आवाज बी झाला न्हाई. नवाबनं एवढा मोठा श्वास घेतला की टॉवेल फुगला.

मालकाचा ऑटो बोलावला. आक्का त्याच साडीत मागं बसली, नवाब मांडीवर. डॉक्टरनं बाकीचा दोरा काढला, जखम धुतली, मानंचे सगळे केस भादरले. वास्तुशांतीत फेटा तसाच डब्यात ऱ्हायला. फोटोत नवाबच्या गळ्यात पांढरी पट्टी हाय, कुण्या पाहुण्यानं म्हणे विचारलं, ही कोणती नवी फॅशन.

अजून जाते मी तिथं, महिन्याला. चहा आता आक्का स्वतः आणते, कानतुटका कप दिसत न्हाई. रोज सकाळी पूजा झाली की ती नवाबच्या मानंखाली बोट फिरवते, पुरं गोल. माझ्यासमोर एकदा फिरवलं, आन माझ्याकडं पाहिलं. माफी वगैरे मागितली न्हाई, त्या घरात ती पद्धत न्हाई. नवाब भुंकतो आता, लईच भुंकतो. पर मधीच मागचा पाय उचलून मान खाजवायला जातो, आन थांबतो. तिथं काही नसतं.

परवा गावाकडं आत्याला भेटायला गेले. आता थकलीय, मान मात्र ताठ. बोलता बोलता तिचा हात मागं मानंवर गेला, काहीतरी उचलून खांद्यावर घ्यावं तसा, आन रिकामा खाली आला. मी म्हणलं, आत्या, अजून जातो गं हात? म्हणली, जातो की. रोज जातो. मंग तिनंच माझ्या दोन्ही हातांची बोटं हातात घेतली, अंगठ्यावरची नवाबच्या दाताची खूण चोळली, म्हणली, तुझी बोटं अशीच चालू राहू दे पोरी. हात जातो तर जाऊ दे. झोप लागते मला.