कुठल्या खात्याचा प्राणी?

राक्षसांच्या सिनेमांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या समीरचं सांगते. समीर म्हणजे माझ्या नवऱ्याचा मित्र, नाशिकचा, इथे दोहात बांधकामावर इंजिनीयर. एका शुक्रवारी इथल्या बिन महमूद भागात आमच्या घरी सगळ्यांनी एक जपानी सिनेमा बघितला. समुद्रातून डोंगराएवढा प्राणी शहरात शिरतो, आणि मंत्री मीटिंगा घेत बसतात, की हा प्राणी नक्की कुठल्या खात्याकडे येतो. आम्ही हसून दमलो. समीर सगळ्यात जास्त हसला.

रविवारी त्याच्या साइटवर पायाच्या खोल खड्ड्याच्या कडेला भेग दिसली. खाली मजूर काम करत होते. वर केबिनमध्ये मीटिंग सुरू झाली, की काम थांबवायला सांगायचं कोणी? कन्सल्टंट म्हणाला कॉन्ट्रॅक्टरने, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला क्लायंटने. समीरला ते मंत्री आठवले. तो उठून सरळ खड्ड्यापाशी गेला आणि म्हणाला, "यल्ला, सब ऊपर आओ. आज का काम खलास."

माणसं वर आली. पण संध्याकाळपर्यंत कड जशीच्या तशी उभी. त्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "दिवस फुकट घालवलास. काय पडलं?"

घरी जाताना तो आमच्याकडे आला. मी म्हटलं, "भावजी, माणसं सुखरूप आहेत, अजून काय पाहिजे?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"तेच तर, वहिनी. साहेब विचारत होते तेव्हा क्षणभर माझ्याच मनात आलं, ती कड पडायला हवी होती."