शनिवारचा दोनचा रकाना

(बुधवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. बावड्याजवळचं दूध शीतकरण केंद्र. टाकी रिकामी आहे.)

स्वरूपा : आठ वाजून दहा मिनिटांनी मेल पाठवला, तात्या. शनिवारचा माझा अहवाल मी मागे घेतला.

सोनबा : मागं घेतला म्हंजे? गावभर झालेली गोष्ट मागं येती व्हय?

स्वरूपा : गावातून येत नाही. कागदावरून येते. दूध नासलं तेव्हा भोंगा तुम्ही बंद केला असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे.

सोनबा : आन् एवढं सांगायला बारामतीवरनं गाडी मारत आलात?

स्वरूपा : मेल पाठवला आणि निघाले.

सोनबा : कागदावर तुमचं नाव हुतं. दूदसंस्थेच्या सेक्रेटरीनं वाचून दावलं. मला वाटलं, आसंल कोन तरी टक्कल पडलेली जाडजूड बाई. तुमी तर माझ्या धाकट्या सुनंयेवढ्या.

स्वरूपा : एवढ्यात टक्कल पडायचं काम झालंय, तात्या. काडी कुठे आहे, तापमानाची?

सोनबा : टाकीत. पर मला हात लावायचा न्हाय. किल्ली द्यायला आलतो नुसता. साडेआकराला माझ्यावर संस्थेच्या समितीची बैठक हाय, तवर केंद्रावर पाय ठिवू नको म्हनल्यात.

स्वरूपा : मी सेक्रेटरींशी बोलले आहे. तासभर तुम्ही मला मदत करायची. काडी काढून या बादलीत सोडा. बर्फाचं पाणी आहे. नंतर सांगेन तसं साधं पाणी ओतायचं, एकेक तांब्या.

सोनबा : कशाला?

स्वरूपा : काडीला वाटलं पाहिजे, दूध तापायला लागलं. दहा अंशांवर भोंगा वाजायला हवा. शनिवारी वाजला नाही. आज वाजतो का बघायचं. या वेळी नोंद नीट होईल.

सोनबा : थांबा. आदी मला समजंल आसं सांगा. चार दिस झालं, ज्याला त्याला तोंड सुटलंय, सोनबानं भोंग्याचा गळा दाबला. कशावरनं, ते कुनी सांगत न्हाय.

स्वरूपा : भिंतीवरचा हा भोंग्याचा डबा आमच्या कंपनीने बदलला ना?

सोनबा : व्हय. जुना दिसायला बरा हुता.

स्वरूपा : नव्यात प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे. म्हणजे आतला मेंदू. त्याच्यावर चालणारा प्रोग्राम स्वतः काहीच करत नाही. तापमान वाचायचं, बटणं बघायची, भोंगा वाजवायचा, प्रत्येक गोष्ट त्याला सिस्टिमकडे मागावी लागते.

सोनबा : सायबाच्या सहीबिगर पान हलत न्हाय.

स्वरूपा : तसंच. कधी काय मागितलं आणि काय मिळालं, याची एकेक ओळ लिहिणारी सोय असते. ट्रेसर म्हणतात. जुन्या डब्यात ती होती, नव्या प्रोसेसरसाठी नव्हती. मी बसवली. तीन महिने लागले.

सोनबा : पाळत ठिवली म्हना की.

स्वरूपा : पाळतच. पण प्रोग्रामवर.

सोनबा : आन् घावलो मी.

स्वरूपा : हो. कारण त्या ओळींत नावं नसतात, नंबर असतात. बटणांच्या पाटीचा नंबर चार. तापमानाच्या काडीचा सहा. शनिवारी दुपारी एक बावन्नला, भोंगा वाजायला हवा त्याच मिनिटाला, ओळ आली : चार नंबरकडून चार अक्षरं मिळाली. भोंगा बंद करायचा कोड किती आकडी आहे?

सोनबा : चार.

स्वरूपा : म्हणून मी लिहिलं, ऑपरेटरने कोड दाबला.

सोनबा : आता मी आसतो तर मी बी तेच लिवलं आसतं. मग चुकलं कुठं?

स्वरूपा : मागणी करताना प्रोग्राम नंबर एका खणात ठेवतो. या नव्या प्रोसेसरवर उत्तरही त्याच खणात येतं. जुन्यावर दोन खण वेगळे होते. मी जुन्या सवयीने उत्तर आल्यावर खण उघडून बघत होते. प्रोग्रामने सहा नंबरकडे तापमान मागितलं. उत्तर आलं, चार अक्षरं मिळाली. सहा पुसला गेला, तिथे चार बसला. मला वाटलं, मागणीच चार नंबरकडे गेली.

सोनबा : चार अक्षरं कसली पर?

स्वरूपा : एक, शून्य, टिंब, एक. दहा पॉइंट एक. दहाच्या खाली तीनच अक्षरं लागतात. नऊ, टिंब, आठ. दहाच्या वर गेलं की चौथं येतं.

सोनबा : म्हंजे दूद सोताच वराडत हुतं मी तापलो म्हनून, आन् तुमी ते माझ्या बोटांवर लिवलं.

स्वरूपा : हो.

सोनबा : आन् तीन अक्षरं आली की?

स्वरूपा : तीन नंबर घड्याळाचा. सगळा वेळ प्रोग्राम घड्याळ बघतोय असं दिसायचं. कोणालाच खटकलं नाही. मलाही नाही.

सोनबा : सारखं घड्याळाकडं बगनारा गडी काम करत न्हाय, येवढं तर मला बी कळतं.

स्वरूपा : तुम्हाला विचारायला हवं होतं. काल दुपारी ऑफिसात मी काडी चहाच्या कपात बुडवली. बटणांची पाटी जोडलेली नव्हती, तिची वायर टेबलावर लोंबत होती. तरी ओळ आली, चार बटणं दाबली.

सोनबा : तुमच्या एमआयडीसीत भूत आसंल.

स्वरूपा : ओता एक तांब्या. किती आहे पडद्यावर?

सोनबा : पाच पॉइंट दोन. तुमचा फोन वाजतोय.

स्वरूपा : आमचे साहेब आहेत, मिहिर सर. सर, स्पीकरवर घेते. सोनबा तात्या समोर आहेत.

मिहिर : नमस्कार. स्वरूपा, असा मेल पाठवायच्या आधी मला एक फोन करायचास.

स्वरूपा : केला होता सर. दोनदा.

मिहिर : मी जिममध्ये होतो. बरं. दुरुस्तीचा पॅच वाचला तुझा. चौदा ओळी. मागणी जातानाच पहिला नंबर वेगळा काढून ठेवायचा. बरोबर आहे. लाज वाटावी इतकं सोपं आहे, आणि आधीचा कोड मीच तपासून पास केला होता.

स्वरूपा : लिहिणारी मी होते.

मिहिर : ते भांडण नंतर. शनिवारच्या नोंदीतून खरा नंबर परत मिळेल?

स्वरूपा : नाही. पुसला तो गेला. भोंगा वाजवायची मागणी निघाली होती का, तेही त्याच कारणाने सांगता येत नाही.

मिहिर : मग साडेअकराला मी समितीला काय सांगू? आमची नोंद चुकीची, पण भोंगा का वाजला नाही ते आम्हालाही ठाऊक नाही?

स्वरूपा : हेच सांगा.

मिहिर : सांगेन. मला वाईटपणा घ्यायचं काही वाटत नाही. पण त्यांचा जबाब आहे ना फाइलमध्ये. 'सवयीने बटणे दाबली गेली असतील.' खाली सही. समिती म्हणेल, यंत्र चुकलं असेल, माणूस स्वतः कबूल करतोय.

स्वरूपा : माझा कागद समोर ठेवून घेतलेला जबाब आहे तो.

मिहिर : कबूल. सोनबा, तुम्हालाच विचारतो. दाबली होती का बटणं?

सोनबा : सायेब, सही केलीया मी.

मिहिर : ती मी बघितली. दाबली होती का?

सोनबा : सा पॉइंट नऊ झालं. आजून ओतू का, ताई?

मिहिर : हं. स्वरूपा, तिथे हाताने लिहिलेलं काही आहे का? रजिस्टर, पाटी, काहीही. आपल्या डब्यातून आलेलं नसेल असं.

स्वरूपा : दारावर आहे सर. आतल्या बाजूला. खडूने आखलेलं दिसतंय.

सोनबा : माझंच हाय ते. दर दोन तासानं आकडा लिवतो. डबा यायच्या आदीपासून. सेक्रेटरी म्हनायचा, पूस ते. मी न्हाय पुसत. जागा संपली की पलीकडच्या फळीवर जातो.

मिहिर : शनिवारचं आहे?

सोनबा : आसंल.

मिहिर : फोटो पाठव त्याचा. अकरापर्यंत. बैठकीत शिरायच्या आधी मला हातात काहीतरी हवं. आणि भोंग्याचं काय झालं ते लगेच कळव. ठेवतो.

स्वरूपा : तात्या, दार जरा उजेडात करा. सोमवार. रविवार. शनिवार, सकाळी आठ. दहा. बारा वाजता चार पॉइंट एक. आणि दोनचा?

सोनबा : काय?

स्वरूपा : दोनचा रकाना रिकामा आहे. थेट चार वाजता तेरा.

सोनबा : ऱ्हायला आसंल.

स्वरूपा : पूर्ण दारावर एकही रकाना रिकामा नाही. दिवाळीचे आहेत. लाइट नव्हती त्या दिवसाचेही आहेत.

सोनबा : ताई, तुमी काडीकडं बगा. दाराकडं नका बगू.

स्वरूपा : तुम्ही इथे नव्हता.

सोनबा : ओततो बगा येक तांब्या.

स्वरूपा : मी कोणाला फोन लावत नाहीये. तुम्ही सांगा.

सोनबा : साडेबाराला टेम्पोचं दूद आलं. कोमट. टाकीत सोडलं, कॉम्प्रेसर चालू केला. मशीन सुरात हुतं. तेवड्यात घरनं बायकूनं, परयागनं, हाक मारली. म्हस आडली हुती. पयलारू, पयलंच येत. रेडकाचा येकच पाय भाईर. घर हितंच, कालव्याच्या पल्याड. भोंगा सुटला तर आमच्या कुत्र्याला बी कळतं. म्हनलं, वाजला की पळत येतो. मागनं कॉम्प्रेसर ट्रिप झाला. भोंगा काय वाजला न्हाय.

स्वरूपा : आणि म्हैस?

सोनबा : सुटली. रेडी झाली. पावनेचारला मी माघारी आलो. टाकीवर हात ठिवला तवाच समजलं.

स्वरूपा : मग सही का केलीत? एक बावन्नला तुम्ही कालव्यापलीकडे होता. बटणं दाबलीच नाहीत, हे तुम्ही सोडून कोणाला माहीत होतं?

सोनबा : टाकी सोडून जायचं न्हाय, ही पयली आट हाय हितली. माझ्या आदीचा ऑपरेटर त्याच्यातच गेला. दुसऱ्या दिवशी घरी. बटनं चुकून दाबली तर चूक हाय. मानूस चुकतो, समज देत्यात, सोडत्यात. आन् तुमचा कागद आला. कागद म्हनतोय, सोनबा एक बावन्नला हितंच हुता. मी कशाला न्हाय म्हनू? मला तर तुमी जागेवर उभं केलं हुतं.

स्वरूपा : आणि आज मी तो कागद काढून घेतला.

सोनबा : तुमी चांगल्यासाठी आलात. मी कुटं काय म्हनतोय.

स्वरूपा : मला वाटलं होतं, तुम्हाला सोडवायला चाललेय.

सोनबा : आता डोळ्यात पानी आनू नका. बादलीतलं बास हाय.

स्वरूपा : किती झालं?

सोनबा : आठ पॉइंट चार.

स्वरूपा : ऐका. माझ्या मेलमध्ये एवढंच आहे की माझी नोंद चुकीची होती. तुम्ही कुठे होता हे मला कोणी विचारलेलं नाही. दाराचा फोटो धूसर आला, असंही होऊ शकतं.

सोनबा : तुमच्या चुकीचं कुनी इचारलं हुतं का तुमाला?

स्वरूपा : नाही.

सोनबा : कळलं तरी आसतं का कुनाला?

स्वरूपा : सर तपासतात. पण त्यांच्याही नजरेतून सुटलंच होतं. नसतं कळलं बहुतेक.

सोनबा : तरी आठ वाजून धा मिनटांनी धाडलं.

स्वरूपा : माझी नोकरी जाणार नाही, तात्या. तुमची जाईल. ते सारखं नाही.

सोनबा : न्हाय सारखं. बावीस वर्सं झाली हितं. परयाग तर म्हनली, भोंगा वाजवायचं काम डब्याचं, तुमी का मान खाली घालून बसलाय? तिला बी मी सांगितलं न्हाय, सहीत काय लिवलंय ते. ओतू का?

स्वरूपा : अर्धा तांब्या. आज भोंगा वाजला नाही, तर दोष डब्याचा हे मी आकड्यांनिशी दाखवू शकते. आता मागणी जाताना वेगळी लिहून घेतली जातेय. वाजला, तर मग शनिवारचं काहीच सांगता येणार नाही.

सोनबा : आन् वाजू दे न्हाय तर न वाजू दे, मी हितं नव्हतो ते नव्हतोच.

स्वरूपा : हो. मिहिर सरांचा मेसेज आलाय. फोटो मागतायत.

सोनबा : किती वाजलं?

स्वरूपा : अकराला दोन मिनिटं.

सोनबा : खिडकीत खडू हाय बगा. त्यो द्या.

स्वरूपा : तात्या, घाई नको. आधी घरी विचारा.

सोनबा : घरी इचारलं तर ती म्हनंल, आदीच का लिवलं न्हाय. द्या खडू.

स्वरूपा : घ्या.

सोनबा : चष्मा न्हाय आनला. वाचा बरं, नीट आलंय का. शनवार, दोनचा रकाना.

स्वरूपा : 'नव्हतो.'

सोनबा : बास. आता काढा फोटो.

स्वरूपा : पाठवू?

सोनबा : धाडा. धूसर नको हां.

स्वरूपा : गेला. सरांनी बघितला. टाइप करतायत. थांबले. परत टाइप करतायत.

सोनबा : करू द्या त्यांना. हिकडं आजचा आकडा बी लिवून घेतो. आकरा वाजून पाच. नऊ पॉइंट नऊ. भोंगा आजून न्हाय. लिवलं. सांगा, ताई, ओतू का?