रक्त गरम करायच्या मशीनचं कुलूप

मी, प्रसूती विभागाची मोठी सिस्टर, वय पंचावन्न, धंदा नोकरी, राहणार रुग्णालयामागची वसाहत, खोली क्रमांक सात. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी सदर रुग्णालयात सव्वीस वर्षं नोकरी करते. बारा दिवसांपूर्वी रक्त गरम करायची दोन मशीनं आली. रक्ताची पिशवी फ्रीजमधून गारढोण येते. घाईत तीन-चार पिशव्या तशाच चढवल्या की पेशंटचं अंग गार पडतं आणि गार अंगात रक्तस्राव लवकर थांबत नाही. नळी मशीनमधून नेली की रक्त कोमट होऊन शिरेत जातं. एवढंच त्याचं काम.

अधीक्षक साहेबांनी दोन्ही मशीनं लाल फीत बांधून आपल्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवली. उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. पाहुण्यांची तारीख दोनदा पुढे गेली, आता येत्या शुक्रवारची ठरली होती. मशीनं वॉर्डात द्यावीत म्हणून मी दोन अर्ज दिले, त्यांची पोच सोबत जोडली आहे.

मागच्या मंगळवारी एक बाळंतीण गेली. तिला सहा पिशव्या गार रक्त दिलं होतं. मशीन असतं तर ती वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. ती गेली तेव्हा तिसरा अर्ज माझ्या खिशात होता. त्याची मला लाज वाटते.

काल दुपारी दुसऱ्या बाळंतिणीचा, वय तेवीस, रक्तस्राव थांबेना. एक चाळीसला, चौथ्या पिशवीला, तिचे दात वाजायला लागले. मला म्हणाली, "मावशी, बाळाला नीट गुंडाळलंय ना?" गुंडाळलं होतं.

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "किल्ली माझ्याजवळ आहे, मी बाहेर आहे. शुक्रवारपर्यंत दम धरा." मी म्हटलं, "दम मी धरीन हो, तिच्यात कुठं उरलाय?" त्यांनी फोन ठेवला.

मी ऑक्सिजन सिलिंडरचा पाना घेऊन केबिनमध्ये गेले. दोन घावांत कुलूप तोडलं, फीत कापली. उद्घाटन झालं. एक मशीन घेतलं. साहेबांच्या फिर्यादीत काच फोडली असं आहे, ते साफ खोटं. काच आजही शाबूत आहे, जाऊन बघा.

एक अठ्ठावन्नला मशीन सुरू केलं. साडेचारपर्यंत तिचं अंग उबेला आलं, रक्तस्राव आटोक्यात आला. आज सकाळी तिनं बाळाला पाजलं.

आज साहेब मला म्हणाले, "कपाट उघडंच होतं असं लिहून द्या, मी फिर्याद मागे घेतो. तीन वर्षांत निवृत्त व्हाल, कशाला नसती उठाठेव?" मी नाही म्हटलं. काल कपाट उघडं होतं, तर मंगळवारीही उघडंच होतं असं ठरेल. मग मशीन आणलं नाही म्हणून माझ्या ड्युटीवरच्या पोरींच्या गळ्यात दोष येईल. नोकरी गेली तर माझी जाऊ दे.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदार साहेबांनी माझ्या भल्यासाठी "गोंधळून जाऊन" असं घातलं होतं, ते मी खोडायला लावलं. कुलूप मी शुद्धीत, विचार करून तोडलं. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सहीआधी एवढं वाढवून घ्यावं. दुसरं मशीन अजून त्याच कपाटात आहे आणि कपाटाला नवीन कुलूप लावलंय. पाना तुम्ही जमा करून घेतला. वॉर्डात आणखी दोन आहेत.