डबी काढून उडवलेलं ड्रोन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मेजर जनरल हाबिला शेकारी, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आणि आजच्या मेजवानीचा खर्च उचलणारे चीफ ओलाकुन्ले, बिशप महाराज, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते कर्नल नानपान, त्यांच्या पत्नी आणि माझी शाळासोबतीण तलातू, तिसऱ्या बटालियनचे अधिकारी आणि जवान, आणि जोलोफ भाताचा वास येत असूनही माझ्याकडे बघण्याचं सौजन्य दाखवणारे सर्व स्नेही,

आपणा सर्वांना एने अगाबाचा नमस्कार. सरकारी खरेदी समितीवर मी बिगरलष्करी सदस्य म्हणून काम करते. कर्नल नानपान त्याच समितीवर लष्करातर्फे होते, आणि अध्यक्षमहोदय तिचेही प्रमुख आहेत. म्हणून मला बोलायला सांगितलं असावं. की तलातूची मैत्रीण म्हणून सांगितलं, मला ठाऊक नाही. तलातूने मात्र दारातच माझा हात धरला. म्हणाली, "ए एने, आज भांडू नकोस हं. माझ्या नवऱ्याचा निरोप आहे, कोर्ट नाही."

मी म्हटलं, "तुला राग येत नाही?"

"येतो की. पण एवढी माणसं जेवायची आहेत. त्यांची पानं उठू देत, मग येईन रागवायला."

तलातू, मी प्रयत्न करते. जमेलच असं नाही.

कर्नलसाहेबांबद्दल काय बोलू? जोसच्या थंडीत वाढलेला हा माणूस. उंच, बोलायला कमी, आणि आपलं म्हणणं सोडायला त्याहून कमी. लग्नाआधी तलातूला भेटायला आमच्या कॉन्व्हेंटच्या फाटकाशी यायचे, तेव्हा सिस्टर अट्रॅक्टा त्यांना विचारायची, "तरुण माणसा, तुला काय हवंय?" दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चुकून आलो, पत्ता विचारायला आलो. हे म्हणाले, "सिस्टर, मला तलातूशी लग्न करायचंय. पण आधी तिची परीक्षा संपू दे." सिस्टर इतकी चकित झाली, की तिने त्यांना आत बोलावून चहा दिला. असा हा खरं बोलून अडचणीत येणारा माणूस. त्या दिवशी चहा मिळाला. या वर्षी निवृत्ती मिळाली.

आमंत्रणपत्रिकेवर छापलंय, 'स्वेच्छानिवृत्तीनिमित्त'. कुणाची स्वेच्छा, अध्यक्षमहोदय?

मी सगळं पहिल्यापासून सांगते. इथे कुटुंबं आली आहेत, आणि त्यांना फक्त कुजबुज ऐकू आलेली आहे.

आपल्या लग्नांत शूटिंग करायला डोक्यावर भुणभुणत फिरतं ना, तेवढंच एक ड्रोन फेब्रुवारीत दाम्बोरीच्या तळावर आलं. त्याच्या पोटाला एक हातबॉम्ब बांधला होता. तो भटारखान्यावर पडला. कॉर्पोरल तांको तिथे जवानांसाठी मक्याची लापशी ढवळत होता. त्याच्या आईला बोक्कोसला जाऊन तो गेल्याचं सांगायचं काम कर्नल नानपान यांनी स्वतःकडे घेतलं. परत आले तेव्हा तलातूला एवढंच म्हणाले, "तिने मला पाणी दिलं गं. मी काय सांगायला आलोय हे कळायच्या आधी तिने मला पाणी दिलं."

मग सरकारला जाग आली. अशी ड्रोनं ओळखून पाडणारं यंत्र हवं, असं ठरलं. चीफ ओलाकुन्ले यांची कंपनी यंत्र घेऊन आली. नाव ठेवलंय 'गार्कुवा', म्हणजे ढाल. नाव सुंदर आहे. माहितीपत्रक त्याहून सुंदर आहे, गुळगुळीत कागदाचं. काडुनाजवळच्या चाचणी मैदानावर आम्ही समितीचे लोक तंबूत बसलो. ड्रोनं उडवली की यंत्र लगेच शिट्टी वाजवायचं, पडद्यावर लाल ठिपका, आणि ड्रोन खाली. एकही सुटलं नाही. चीफनी आम्हाला गार मोसंबीचा रस दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एका माणसाने. त्याने विचारलं, "या प्रत्येक ड्रोनवर ती काडेपेटीएवढी डबी कसली आहे?"

कंपनीचा माणूस हसला. "ओगा, साहेब, तो तुमचाच नियम आहे. चाचणी मैदानावर उडणाऱ्या प्रत्येक वस्तूने मी इथे आहे, मी अमुक आहे, असा संदेश सतत पाठवत राहायचा. विमानांशी टक्कर होऊ नये म्हणून. झुडपात पडलं तर सापडावं म्हणून."

"बरोबर. आणि तुमचं यंत्र तो संदेश ऐकतं का?"

"यंत्र सगळंच ऐकतं, ओगा."

"मी सगळ्याचं विचारलं नाही."

माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे समजावून सांगायला मला इंजिनियर लागत नाही. आमच्या वसतिगृहात सिस्टर अट्रॅक्टा फेरीला निघाली, की तिच्या कमरेची जपमाळ लाकडी मण्यांनी खळखळायची. तो आवाज जिन्यात आला, की भाजलेले शेंगदाणे उशीखाली आणि आम्ही सगळ्या झोपेत. आम्हाला वाटायचं, काय आमचे कान! पुढे एक नवी सिस्टर आली. ती जपमाळ खिशात ठेवायची. पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्या सापडलो, तलातूच्या तर तोंडात शेंगदाणे होते. आमचे कान तेच होते हो. आम्ही सिस्टरला ऐकतच नव्हतो, जपमाळेला ऐकत होतो.

कर्नलसाहेबांना एवढाच संशय आला होता. त्यांनी लेखी विनंती केली, की एकदा डबी काढून उडवू या. उत्तर आलं, नियमात बसत नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग शेवटच्या प्रात्यक्षिकाला, मैदानावर दुसरं काही उडत नाही याची खात्री करून, त्यांनी एक ड्रोन डबी काढून सोडलं. बॉम्बच्या जागी पिठाची पिशवी बांधली होती.

अध्यक्षमहोदय, ती पिशवी कुठे पडली हे आपल्याला सर्वांहून जास्त आठवत असेल. आपल्या टोपीवरून पीठ ओघळत होतं, आणि 'गार्कुवा' शेजारी हिरवा दिवा लावून शांत उभं होतं. सर्वांत आधी आपण हसलात, सर. मी पाहिलं. फार मोकळं, चांगलं हसू होतं ते. त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता हे यंत्र परत जाणार.

पण चीफ उठले. "हा सरळ नियमभंग आहे! डबी न लावता ड्रोन उडवलंच कसं?"

कर्नलसाहेब म्हणाले, "चीफ, तसं शत्रूला कळवून ठेवू का? येताना डबी लावून या म्हणून?"

जवान हसले. तेच भोवलं असावं. चौकशी बसली. कुणाची? यंत्राची नव्हे. चौकशी बसली ती कर्नल नानपान यांनी मैदानाची सुरक्षितता धोक्यात आणल्याची! ज्या माणसाने पिठाची पिशवी टाकून आपल्याला वाचवायचा प्रयत्न केला, तो धोकादायक ठरला. आणि ज्या यंत्राला पिठाची पिशवी दिसली नाही, त्याचा निकाल लागला, 'नियमानुसार झालेल्या सर्व चाचण्यांत उत्तीर्ण'. मी आयुष्यभर सरकारी भाषा वाचत आले आहे. इतकं खरं आणि इतकं खोटं वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. त्यानंतर कर्नलसाहेबांना समजावण्यात आलं, की त्यांची तब्येत बरी नसते, त्यांनी आता विश्रांती घ्यावी. तब्येत! हा माणूस अजून रोज शेरेच्या टेकडीपर्यंत चालत जातो.

आणि आता हा समारंभ. खुर्च्यांना साटीनचे अभ्रे, त्यावर कंपनीचं नाव. पाण्याच्या बाटल्यांवर कंपनीचं नाव. ज्याने तुमचं पितळ उघडं पाडलं, त्यालाच हार घालून, भात खायला घालून निरोप द्यायचा, याला काय म्हणायचं? मला शब्द सापडत नाही. कॉन्व्हेंटमध्ये जे शब्द शिकवले त्यांत तो नव्हता.

यंत्र स्वीकारायला तीन सह्या लागतात. एक अध्यक्षमहोदयांची झाली. कर्नलसाहेबांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांची झाली, रुजू झाले त्याच दिवशी. राहिली माझी. ती सोमवारी हवी आहे. मघाशी सूप पिताना चीफ माझ्याकडे वाकून म्हणाले, "मॅडम, एक औपचारिकता आहे फक्त. तुम्ही एवढं मनाला का लावून घेता? दाम्बोरीत तुमचं कोणी आहे का?"

तेव्हाचं उत्तर राहिलं, कारण माझ्या तोंडात सूप होतं. आता देते.

आहेत, चीफ. ते पलीकडे खिडक्यांजवळ बसलेत ते. तिसरी बटालियन पुढच्या महिन्यात दाम्बोरीला निघते आहे. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. पण हिरवा दिवा दिसला की ते निर्धास्त होतील, वर बघणार नाहीत, भटारखान्यात गाणी म्हणत लापशी ढवळतील. काहीच यंत्र नसेल तर माणूस निदान आभाळाकडे लक्ष ठेवतो. तुम्ही त्यांना यंत्र विकत नाही आहात, तुम्ही त्यांची सावधगिरी काढून घेता आहात.

तेव्हा सर्वांदेखत सांगते. सोमवारी माझी सही मिळणार नाही. डबी काढून, वारा आणि धूळ असलेल्या दिवशी, कंपनीला वेळ न कळवता ड्रोन उडवा. यंत्राने ते पाडलं, तर मी त्याच मैदानात सही करीन आणि चीफची सर्वांसमक्ष माफी मागीन. तोवर नाही. यासाठी मलाही स्वेच्छेने निवृत्त व्हावं लागलं, तर असाच समारंभ करा. फक्त भात मी आणि तलातू घरी शिजवू.

तलातू, तू मान खाली घातली आहेस. रडते आहेस की हसते आहेस, मला इथून कळत नाही. रागावली असशील तर पानं उठल्यावर रागव.

कर्नलसाहेब, आपण उभे राहू नका, बसा. आपल्याला शाल, मानपत्र, घड्याळ सगळं मिळालं. मला द्यायला काही आणता आलं नाही. बोक्कोसच्या त्या आईकडे आपण पुन्हा जाल, हे मला माहीत आहे. या वेळी मला बरोबर न्या.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, अध्यक्षमहोदयांनी मध्येच घंटी वाजवली नाही, आपण भात निवत असताना ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. पाच मिनिटं दिली होती, मी त्याहून जास्त घेतली. बिशप महाराजांचा उल्लेख चीफच्या आधी करायला हवा होता, तो नंतर केला. उच्चारात, क्रमात, शिष्टाचारात जे काही उणं पडलं असेल, त्याची मनापासून क्षमा मागते.

जे बोलले, त्याची मागत नाही.