सातव्या प्रकरणातली होडी

बापूराव : नाही गं, माप द्यायला नाही आलो. ब्लाउजच्या दुकानात माझं माप कोण घेणार?

आनंदी : मग दार कशाला अडवलंय? गिऱ्हाइकांना वाटेल, आनंदीबाईंनी रखवालदार ठेवला. आत या. पूर्वा, स्टुलावरचे कपडे उचल.

पूर्वा : बसा, बापूकाका. एवढ्या उन्हात खडकीहून कसब्यात? रविवारी गावच्या मंडळाच्या मेळाव्यात भेटणारच होतो की.

बापूराव : मेळाव्याचंच काम आहे. मी पडलो मंडळाचा अध्यक्ष. हे पुस्तक पाहिलंस?

पूर्वा : अय्या, तुम्हीपण वाचलंत?

बापूराव : तीनदा. पुण्यात आपल्या गावची साठ घरं, साठही घरांत पोचलंय. गावाचं नाव पोवळेवाडी केलं म्हणून काय झालं? माणसं चालीवरून ओळखू येतात. गोदाआत्यानं मोडलेलं लग्न कसं जुळवलं, देवळाची घंटा कुणी लपवली होती, सगळं आत आहे. ग्रुपवर चार दिवस एकच विषय. वर लेखिकेचं नाव सुमन पुणेकर. ही कोण?

आनंदी : असेल कुणी सदाशिव पेठेतली. दोन दिवस समुद्र बघतात, तिसऱ्या दिवशी कादंबरी लिहितात.

बापूराव : सदाशिव पेठेतल्या बाईला खडकावरची कालवं कशी फोडायची ते बरं ठाऊक!

आनंदी : विचारलं असेल कुणाला तरी.

बापूराव : आनंदी, हे पुस्तक तू लिहिलंस.

आनंदी : पूर्वा, चहा सांग काकांना.

पूर्वा : आई, पुरे ना आता. हो काका, आईनंच लिहिलंय. तीन वर्षं. गिऱ्हाईक नसलं की वहीत लिहायची, मी वीकेंडला लॅपटॉपवर टाइप करायचे. मला इतकं प्राउड वाटतं ना, पण सांगायची बंदी!

आनंदी : झालं. पिटली दवंडी.

बापूराव : अभिमान मलाही वाटला. पण मी भांडायला आलोय.

आनंदी : वाटलंच होतं. सातवं प्रकरण ना? अहो, तुमचं वाईट कुठे लिहिलंय? होडी उलटते, एक तरणा पोरगा एकटा दुसरी होडी पाण्यात घालतो, पाच माणसं ओढून आणतो. गावच्या शाळेत लावलेल्या पाटीवर आहे तसंच आहे.

बापूराव : म्हणूनच भांडायला आलोय.

पूर्वा : मला कळलं नाही. ते चॅप्टर तर सगळ्यांचं फेव्हरिट आहे. आणि पाटीवर तुमचंच नाव आहे की, काका. मी लहानपणी वाचलंय.

बापूराव : पाटीवर आहे. पाटी खोटी आहे. तुझ्या आईनं पुस्तकातही तेच खोटं लिहिलं.

आनंदी : बापूराव, माझी गिऱ्हाइकं यायची वेळ झाली.

बापूराव : येऊ देत. पूर्वा, त्या प्रकरणात त्या पोराचे तळहात वल्ह्यानं सोलून निघतात. आठ दिवस आई त्याला घास भरवते. आठवतं?

पूर्वा : टाइप केलंय मी.

बापूराव : माझ्या हाताला तेव्हा साधा फोडही आला नव्हता. हे वाचलं आणि लिहिणारी कोण ते कळलं. आठ दिवस भरवावं लागलं होतं ते हिला.

पूर्वा : आई?

बापूराव : ती नाही सांगायची, मी सांगतो. जत्रेहून परतणारी होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. भर दुपार, भरती चढलेली, मोठे होडीवाले सगळे बाहेर गेलेले. काठावर मी एकवीस वर्षांचा बाप्या आणि ही एकोणीसची. मला धड पोहता येत नव्हतं. मी होडीला हात लावला आणि तिथेच थिजलो. हिनं मला ढकललं, पदर खोचला आणि एकटीनं होडी पाण्यात घातली. पाच जण आणले. त्यातला एक माझा धाकटा भाऊ, संतोष.

पूर्वा : मग नाव तुमचं कसं लागलं?

आनंदी : माझं लग्न आठ दिवसांवर आलं होतं गं. भिजल्या साडीत पोरगी परक्या पुरुषांना कवेत धरून ओढत होती, हे इथे पुण्यात सासरी पोचलं असतं तर लग्न मोडलं असतं. माझ्या बाबांनी देवळात सगळा गाव बसवला. ठरलं, होडी बापूनं नेली. बायकापोरांसकट सगळ्यांनी पाळलं. हळदीला माझ्या हातांना फडकी बांधलेली. सासरच्यांना सांगितलं, पेजेनं भाजलं.

पूर्वा : आणि माझ्या बाबांना?

आनंदी : त्यांना पुढे सांगितलं. आठवडाभर माझ्याकडे बघत होते नुसते. मग म्हणाले, माझ्या आईच्या कानावर नको घालूस.

बापूराव : आणि मला शाल, नारळ, पाटी! दारूगोळ्याच्या कारखान्यात मुलाखतीला गेलो, तर साहेबानं वर्तमानपत्राचं कात्रण वाचून माझी पाठ थोपटली. छत्तीस वर्षं नोकरी केली. शाळेत दरवर्षी पोरांना तीच गोष्ट सांगायला बोलावतात. दरवर्षी सांगतो. वाक्यं पाठ झालीत.

आनंदी : मग बिघडलं काय? त्या वर्षीच तुम्ही पोहायला शिकलात. दर मे महिन्यात रजा टाकून गावची पोरं पाण्यात उतरवलीत. एवढ्या वर्षांत आपल्या गावचं एकही पोर बुडालं नाही. ते काय पाटीनं केलं?

बापूराव : तू पुस्तकात खरं का नाही लिहिलंस?

आनंदी : लिहिलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा पानं फाडली. तुमची नात उद्या त्या पाटीसमोर कुठल्या तोंडानं उभी राहिली असती?

बापूराव : तेजस्विनीला आज सकाळी सांगितलं मी. म्हणाली, आजोबा, मग सांगून टाका ना सगळ्यांना, त्यात काय! आपण बेचाळीस वर्षं कुढत बसलो, तिनं दोन मिनिटांत निकाल लावला. मग गावात संतोषला फोन केला. म्हटलं, रविवारी माईकवर सांगणार आहे. तो रडायलाच लागला. म्हणाला, दादा, तू कधी बोलतोस याची सगळा गाव वाट बघतोय. त्या पाचांतले तिघं हयात आहेत. तिघंही गाडी करून येतायत.

आनंदी : बापू! मला विचारायचं तरी होतंस!

बापूराव : त्या दिवशी ढकलताना तू मला विचारलं होतंस?

(आनंदी अर्धवट शिवलेलं ब्लाउज मशीनवरून उचलते, पुन्हा तिथेच ठेवते.)

आनंदी : तिघं म्हणजे कोण कोण?

बापूराव : संतोष, उत्तरेश्वर मास्तर आणि कांताबाई. कांताबाईला गाडी लागते, तरी येतेय. म्हणाली, ओकत आले तरी चालेल, पण आनंदीला भेटायचंय. निघतो मी. चहा राहू दे. फक्त एक कर, पुढच्या आवृत्तीत होडी त्या पोरीच्या हातात दे.

आनंदी : बघते.

बापूराव : बघते नाही. दे.

आनंदी : बरं बाबा, देते. उन्हातून जाताय, रुमाल तरी बांधा डोक्याला.

बापूराव : येतो, पूर्वा.

पूर्वा : या, काका. ... आई.

आनंदी : काय?

पूर्वा : मी एकोणतीस वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत एकदाही नाही सांगितलंस.

आनंदी : गावानं माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. मी कशी उघडणार?

पूर्वा : ऑफिसात मी सांगायचे, आई कसब्यात ब्लाउज शिवते.

आनंदी : मग शिवतेच की. त्यात खोटं काय? चांगली शिवते.

पूर्वा : भीती नाही वाटली तुला?

आनंदी : जाताना नाही वाटली. परत फिरले आणि काठावर गोळा झालेली माणसं दिसली, तेव्हा वाटली. वल्हं सोडून द्यावंसं वाटलं.

पूर्वा : रविवारी तीच माणसं समोर बसतील.

आनंदी : हो.

पूर्वा : मग? काकांना सांगू का, थोडक्यात आटपा म्हणून?

आनंदी : त्याला नकोच बोलायला लावूस. फार पाल्हाळ लावतो. मी सांगते.