टाचणी लावलेली नळी

(रुग्णालयातली खोली, दुपार. पलंगावर बाई, शरीररचनाशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. खुर्चीत त्यांची धाकटी बहीण. शेजारी उभी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता सर्जन.)

धाकटी : अगं ताई, संमतीच्या फॉर्मवर सही कर की! डॉक्टर मघापासून पेन धरून उभ्या आहेत.

बाई : आधी तिला सांगू दे, उद्या काय काढणार ते.

सर्जन : बाई, तुम्हाला मी काय सांगणार?

बाई : मला नको, हिला सांग. हिला वाटतंय मला नुसतं पित्त झालंय.

सर्जन : मावशी, यकृताखाली एक पिशवी असते, पित्ताशय. बाईंच्या पिशवीत खडे झालेत. पिशवीची नळी यकृताकडून येणाऱ्या नळीला मिळते. मग ती एकत्र झालेली मोठी नळी स्वादुपिंडाच्या मागून खाली जाते आणि लहान आतड्याच्या पहिल्याच वळणात उघडते. स्वादुपिंडाची नळीही तिथंच येते. दोघींना दार एकच. एक खडा घसरला तो त्या दारात अडकला.

धाकटी : आणि आत कोंडलेल्यांनी धिंगाणा घातला.

सर्जन : स्वादुपिंडानं घातला, सुजलं ते. आता सूज उतरलीय. दारातला खडा दुर्बिणीतून काढलाय. उद्या पिशवीच काढायची, म्हणजे पुन्हा ही कटकट नको.

बाई : आणि कापायचं काय?

सर्जन : पिशवीची नळी आणि पिशवीची धमनी. दोनच.

बाई : चुकून मोठी नळी कापली तर?

धाकटी : ताई! शुभ बोल जरा. तूच हिला नापास केलं होतंस ना? मग आता हिच्याच हाताखाली झोपायचं म्हटल्यावर धास्ती वाटणारच.

बाई : धास्ती आहे, पण त्याची नाही. तुला आठवतो गं तो दिवस?

सर्जन : तोंडी परीक्षा. चौथं टेबल. विच्छेदनाच्या देहातल्या एका नळीला तुम्ही टाचणी लावली होती. नाव विचारलंत. मी म्हटलं, सांगता येत नाही, थोडं वर मोकळं करून बघावं लागेल.

बाई : आणि मी म्हटलं, इथं तू बघायला नाही, सांगायला आली आहेस.

सर्जन : बाकी सगळ्यांनी पित्ताशयाची नळी म्हणून सांगितलं. त्या टेबलाला दहा गुण होते. मी सहा गुणांनी गेले.

बाई : निकालानंतर नवव्या दिवशी, पुढच्या तुकडीसाठी, मी तोच देह आणखी सोडवायला घेतला. चरबी काढत वर गेले. ती नळी पिशवीकडे गेलीच नाही. यकृताच्या उजव्या बाजूनं येत होती. जादाची नळी, असते कोणाकोणाला. पिशवीची खरी नळी तिच्या मागे होती, बारीकशी.

धाकटी : म्हणजे काय झालं?

बाई : म्हणजे टाचणी मी चुकीच्या जागी लावली होती. अख्ख्या वर्गानं माझी चूक मला म्हणून दाखवली आणि पास झाला. बघू द्या म्हणाली ती एकटी नापास झाली.

सर्जन : कितव्या दिवशी म्हणालात?

बाई : नवव्या. फेरतपासणीला पंधरा दिवसांची मुदत होती. एक अर्ज लिहायचा होता, बस. पण त्याच महिन्यात मला विभागप्रमुख करणार होते. मी टाचणी काढून डबीत ठेवली.

धाकटी : ताई...

सर्जन : सहा महिने गेले माझे, बाई.

बाई : हो.

सर्जन : सहा महिन्यांचं एवढं नाही. आईला अजून वाटतं, मी त्या वर्षी उंडारत होते. कोणी माझं कौतुक केलं की लगेच म्हणते, मध्ये एकदा घसरली होती, आम्ही वळणावर आणली. इतकी वर्षं झाली, एकदाही विसरली नाही.

बाई : सही त्यासाठीच अडलीय. हे माहीत नसताना तू माझ्या पोटाला हात लावावास, ते मला नको होतं. रागानं हात बिघडणार असेल तर सांग. दुसऱ्या कोणाला तरी सांगू. तुला कमीपणा नाही त्यात.

धाकटी : हे बरं आज सुचलं! ऑपरेशन झाल्यावर सांगितलं असतंस तर काय आकाश कोसळणार होतं?

बाई : भुलेतनं उठलेलं माणूस काहीही बरळतं, म्हणून सोडून दिलं असतं तिनं.

सर्जन : राग आलाय मला.

बाई : यायलाच हवा.

सर्जन : पण रागानं माझा हात नाही बिघडत. घाईनं बिघडतो. म्हणून उद्या यादीत तुम्ही एकट्याच आहात. नळी आणि धमनी, दोन्ही सुट्या करून डोळ्यांनी दिसल्याशिवाय कात्री लावणार नाही. नाहीच दिसल्या, तर पिशवीचा थोडा भाग तिथंच ठेवून बाहेर येईन. फॉर्मवर लिहिलंय तसं. वाचा.

बाई : दोनदा वाचलंय. कुठं करू?

सर्जन : इथं. खाली तारीख.

धाकटी : झाली बाई एकदाची! माझाच जीव टांगणीला लागला होता.

बाई : तुला लिहून देऊ का काही? विद्यापीठासाठी?

सर्जन : विद्यापीठाला आता काय करायचंय ते! हा फोन धरा. वाजतोय.

बाई : कोणाला लावलास?

सर्जन : आईला.

बाई : अगं, पण त्यांना या नळ्या कशा समजावू मी?

सर्जन : नळ्या राहू द्या.

बाई : हॅलो... नमस्कार. मी तुमच्या मुलीची प्राध्यापिका. हो, तीच, नापास केलं होतं ती. नाही नाही, ठीक आहे ती, इथंच उभी आहे. मला एवढंच सांगायचं होतं... त्या वर्षी तिनं अभ्यास केला होता.